पत्राचा मसुदा, पॉइंट तीन

पडद्यावर माझं नाव तिसऱ्या ओळीत होतं, आणि मला वाटलं यादी उलटी लावलीय.

मी खालून वाचायला सुरुवात केली होती. घरून निघतानाच मनाची तयारी झाली होती की आपण तळाला असणार. तळाला नव्हते. तळाला निनाद खोत होता, चारशे अडतीस. माझ्या नावापुढे चारशे बहात्तर.

दर तीन महिन्यांनी आमच्या वकिलांच्या फर्ममध्ये ही बैठक व्हायची. लांब टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही आठ असोसिएट, समोर भिंतीवर प्रत्येकाचं नाव, आणि नावापुढे त्यानं तीन महिन्यांत अशिलांच्या कामावर घातलेले तास. ज्याचं बिल लावता येतं तेवढेच. फाइल शोधण्यात, कोर्टाच्या जिन्यात उभं राहण्यात, डबा खाण्यात गेलेला वेळ तुमचा तुम्ही गिळायचा. साडेचारशे अपेक्षित असत. त्याखाली गेलं की 'बोलणं' व्हायचं. आणि सप्टेंबरच्या तिमाहीत जो सगळ्यात खाली असेल त्याला दिवाळीनंतर दुसरीकडे बघायला सांगत. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण तीन वर्षांत तीन जण गेलेले मी पाहिले होते, तिघंही तळाचे.

मी बाळंतपणाच्या रजेवरून जुलैच्या पहिल्या आठवड्यात परत आले होते. निषाद तेव्हा सहा महिन्यांचा. संध्याकाळी सहाला मी पर्स उचलली की समोरच्या टेबलावरून निनाद घड्याळाकडे बघायचा आणि विचारायचा, "काय, हाफ डे?" रोज विचारायचा. रोज कोणीतरी हसायचं. गंमत अशी की आम्ही दोघं एकाच फाइलवर होतो. मसुदे माझे, पत्रं पाठवणं आणि तारखा सांभाळणं त्याच्याकडे.

कारखानीस मॅडमनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. आमच्या मजल्यावरच्या त्या एकट्या बाई पार्टनर. त्या कोणाचं कौतुक करत नसत. करायची वेळ आलीच तर ते दुसऱ्याच्या पाठीत मारण्यासाठी करत.

"शाल्मली ऑगस्टमध्ये पहाटे साडेतीनला पत्रं लिहीत होती," त्या म्हणाल्या. "घरात सहा-सात महिन्यांचं मूल. तुम्ही लोक काय करत होतात?"

बाहेर पडताना निनाद माझ्या कानाशी आला. "पहाटे साडेतीनला पत्र. कोणाला गं, दूधवाल्याला?"

मला राग यायला हवा होता. पण मी दुसऱ्याच विचारात होते. पहाटे साडेतीनला मी एकही पत्र लिहिलेलं नव्हतं.

जागेवर येऊन ऑगस्टच्या नोंदी उघडल्या. आमच्याकडे तास सहा-सहा मिनिटांनी मोजत. सहा मिनिटं म्हणजे पॉइंट एक, अठरा मिनिटं म्हणजे पॉइंट तीन. दोन वर्षं हे केलं की माणूस चहासुद्धा पॉइंट दोनचा पितो. पडद्यावर ओळीनं होतं: पहाटे ३.३०, पत्राचा मसुदा, पॉइंट तीन. ३.४८, कागदपत्रांची तपासणी, पॉइंट दोन. सकाळी ६.४०, तपासणी, पॉइंट तीन. पत्राचा मसुदा, पॉइंट एक. संध्याकाळी ७.२०, पत्राचा मसुदा, पॉइंट चार.

वाचता वाचता माझा कुर्ता ओला झाला. डोक्याआधी अंगाला कळलं होतं.

जुलैच्या शेवटी निषादचं वजन अडकलं होतं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर लिहून ठेवा, कधी पितो, कुठल्या बाजूनं, किती वेळ. घरी वही शोधायला जीव नव्हता, म्हणून ऑफिसच्याच वहीत लिहिलं. पानाच्या वरच्या अर्ध्यात फर्म, खालच्या अर्ध्यात निषाद, मध्ये पिवळ्या मार्करची जाड रेघ. हल्ली सगळ्या आया लिहितात तसं डावीकडचं एल, उजवीकडचं आर. आणि वेळ, आता हसू येतं, पण वेळ मी पॉइंटमध्येच लिहिली. अठरा मिनिटं प्यायला की एल, पॉइंट तीन. दुसरं काही सुचलंच नाही.

रजेत माझं संगणकाचं खातं बंद केलेलं, ते सप्टेंबरपर्यंत सुरू झालं नाही. तोवर दर शुक्रवारी मी वहीच्या पानांची झेरॉक्स बिल विभागात देत होते. आणि झेरॉक्समध्ये पिवळी रेघ येत नाही. त्या महिन्यात माझं सगळं काम एकाच अशिलाचं होतं, प्रत्येक पानाच्या डोक्यावर त्याचंच नाव. कोल्हापूरचे धनपाल मगदूम, फाउंड्रीवाले.

सगळं मिळून सत्तेचाळीस तास. ते काढले तर मी चारशे पंचवीसवर. निनादच्या खाली. तळाला.

मी तळमजल्यावर गेले. बिल विभागात मोरजकर एकटेच बसत, मालवणकडचे, एकतीस वर्षं त्याच खुर्चीत. मी वही उघडून दाखवली. त्यांनी पिवळी रेघ पाहिली, तिच्यावर बोट फिरवलं, मग कपाटातून झेरॉक्स काढून शेजारी ठेवली. झेरॉक्सवर पान सलग होतं.

"एल म्हणजे लेटर, आर म्हणजे रिव्ह्यू," ते म्हणाले. "एकतीस वर्षं मी हेच चढवतोय. तुमचा एल कसला ते मी कसं ओळखायचं? मला वाटलं, बाई कामाची आहे."

मग एल कसला ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढला आणि टेबलाकडे बघत बसले. बोलले ते एकदम गावच्या बोलीत. "निवृत्तीक माझे चारच म्हयने रवले, बाय. माका ह्यात घेव नको."

मी त्यांना कशात घेणार होते? मी वर आले आणि गप्प बसले. दोन दिवस बसले. नवरा म्हणाला, तू काही चोरलं नाहीस, चूक त्यांची, दिवाळी होऊन जाऊ दे. मलाही ते पटत होतं, किंवा पटवून घेत होते. जुळ्यांसारख्या दोन गोष्टी होत्या समोर: नोकरी राहावी, आणि ती अशी राहू नये. पहिली जास्त जोरात रडत होती.

तिसऱ्या दिवशी मगदूम साहेबांचा फोन आला. माणूस बिलाची ओळ न् ओळ वाचणारा. आवाज सौम्य होता. ऑगस्टच्या बिलात पत्रं बरीच दिसतात, म्हणाले, पण माझ्याकडं एकाचीही नक्कल नाही. पंधरा तारखेला मुंबईत आहे, तेव्हा सगळी एकदा डोळ्यांखालून घालतो.

आता गप्प बसणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. मी खरेपणानं मॅडमच्या केबिनमध्ये गेले असं म्हणायला मला आवडलं असतं. मी घाबरून गेले.

त्या काहीतरी वाचत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं की ऑगस्टच्या बिलात चूक झालीय, माझ्यामुळे, सत्तेचाळीस तास मगदूमांच्या कामाचे नाहीत. त्यांनी विचारलं, मग कशाचे आहेत. मी ते सांगितलं, एल आणि आरसकट.

त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही. मला वाटलं, राग इतका आहे की बाकी काही दिसतच नाही.

"तुला कोणी विचारलं होतं?"

"मगदूम साहेबांनी फोन…"

"त्यांनी पत्रं मागितली. हे काय आहे ते नाही विचारलं." त्यांनी हातातला कागद उलटा ठेवला. "तू मला सांगितलंस. म्हणजे आता मला माहीत आहे. माहीत असणं आणि माहीत नसणं यात काय फरक असतो, हे वकिलाला मी शिकवायचं का?"

मी म्हटलं, बिलातून ते तास कापू या.

"कापू. आणि कारण काय लिहू? सांग ना, तुझा मसुदा चांगला असतो." त्यांनी पेन्सिल उचलली. "हे एकदा बाहेर गेलं की या मजल्यावर जी जी बाई येईल तिच्या बिलाकडे अशील असाच बघणार. ही खरंच काम करत होती, का पाजत होती. तू मोकळी होशील. मागून येणाऱ्यांचं काय?"

मी सॉरी म्हणाले. त्यांनी ते हातानं बाजूला सारलं.

"मी दोन मुलं वाढवली, याच खोलीत बसून. कोणाला आवाजसुद्धा आला नाही." त्या पुन्हा वाचायला लागल्या. मी दारापाशी पोचले तेव्हा मान वर न करता म्हणाल्या, "मी तुला काहीही करायला सांगत नाहीये. एवढंच म्हणतेय, ज्या फाइलला पत्रांचे तास लागलेत, त्या फाइलमध्ये पत्रं असतात. पंधराला अजून सहा दिवस आहेत."

मी पत्रं लिहायला बसले. जेवणाच्या सुट्टीत, लायब्ररीच्या कोपऱ्यात. पाठवायची राहून गेली असं म्हणून फाइलला लावता येतील असे मसुदे, ऑगस्टच्या तारखांचे.

तारीख टाकायला वही उघडावी लागे, आणि वहीत ती ती वेळ असे. सहा ऑगस्ट, पहाटे ३.३०. त्या रात्री निषाद पिता पिता थांबला होता आणि अंधारात माझ्याकडे बघून मोठ्यानं हसला होता, तोंडातलं दूध गालावरून माझ्या कोपरात. त्या ओळीखाली मी लिहिलं, 'महोदय, आमच्या अशिलाच्या सूचनेवरून आपणांस कळविण्यात येते की.' नऊ ऑगस्ट, सकाळी ६.४०. त्यानं माझं मंगळसूत्र मुठीत धरून ठेवलेलं आणि मला नऊच्या आत कोर्टात पोचायचं होतं, एकेक बोट सोडवावं लागलं. 'आपल्या दिनांक दोनच्या पत्रातील मजकूर आमच्या अशिलास मान्य नाही.'

अशी अकरा लिहिली. वाईट नव्हती. अकरावं तर फारच चांगलं होतं.

त्याचं असं. मगदूमांनी एका पंप कंपनीला ओतीव भाग पुरवले होते. कंपनीनं ते खराब म्हणून नाकारले आणि लवादाकडे प्रकरण गेलं. माल चांगला होता, हा आमचा दावा. आणि सप्टेंबरमध्ये कंपनीनं तो नाकारलेला माल भट्टीत टाकून वितळवला. पुरावाच संपला. माझ्या अकराव्या पत्रात, तारीख अकरा ऑगस्ट, कंपनीला बजावलं होतं की निकाल लागेपर्यंत सगळा माल आहे तसा, वेगळा, कुलूपबंद ठेवावा. ऑक्टोबरमध्ये बसून ऑगस्टचं पत्र लिहिताना माणूस फार शहाणा असतो.

पंधरा तारखेला आम्ही चौघं बसलो. एका बाजूला मॅडम, मी आणि निनाद, समोर मगदूम साहेब. साठीचा उंच माणूस, हातावर भट्टीचे जुने डाग, बिलाच्या कागदावर तांबड्या पेनाच्या खुणा. त्यांनी आधी चहा संपवला, मग पत्रं मागितली. मॅडमनी फाइल पुढे सरकवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यांनी एकेक पत्र वाचलं. घाई नव्हती. दहा वाचून झाली. अकराव्याला थांबले. परत पहिल्यापासून वाचलं.

"हे अकरा ऑगस्टचं?"

"मसुदा आहे," मॅडम म्हणाल्या.

"गेलं का न्हाई मग?" आवाज अजून सौम्यच होता, पण कोल्हापूर वर आलं होतं. "हे वेळेत गेलं असतं तर त्यांची हिंमत झाली नसती माल वितळवायची. माझं सगळं प्रकरण ह्या एका कागदावर उभं राहत होतं."

मॅडमनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास थोडा बाजूला केला. "पत्रं पाठवणं निनादकडे होतं," त्या म्हणाल्या.

मी निनादकडे पाहिलं. तो ओरडेल, मला हे पत्र कोणी दिलंच नाही म्हणेल, अशी माझी खात्री होती. त्यानं पत्र हातात घेतलं, तारीख वाचली, आणि त्याच्या मानेवरून घाम उतरताना मला दिसला. तो ऑगस्ट आठवत होता. चारशे अडतीस तासांतला तो दिवस शोधत होता आणि त्याला तो सापडत नव्हता. आमच्यापैकी कोणालाच कुठला दिवस सापडला नसता.

"आठवत नाही, सर," तो म्हणाला. "माझ्याकडून राहिलं असेल."

रोज संध्याकाळी सहाला माझी टिंगल करणारा माणूस. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते.

"हे पत्र ऑगस्टचं नाही," मी म्हटलं. "मी ते मंगळवारी लिहिलं. ही अकराही."

मॅडमनी डोळे मिटले. उघडले. बाकी हलल्या नाहीत.

मगदूम साहेबांनी पत्र खाली ठेवलं, कडा जुळवून. "मग पहाटे साडेतीनला काय लिहीत होता?"

"काही नाही. मुलाला पाजत होते. त्याच्या वेळा मी तुमच्या कामाच्या वहीत लिहिल्या. त्या बिलात चढल्या."

निनादच्या घशातून आवाज आला. हसू होतं की सुटल्याचा श्वास, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मगदूम साहेबांनी बिल पुढे ओढून तांबड्या खुणा परत एकदा पाहिल्या. पत्र, तपासणी. पत्र, तपासणी. त्यांना आता ते वाचता येत होतं, आणि वाचावंसं वाटत नव्हतं. त्यांनी कागद पालथा घातला.

"बाळ किती महिन्यांचं?"

"नऊ."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, संपलं, हा माणूस आता काहीतरी मायेचं बोलणार. आजोबा असणारच घरी कोणाचे तरी.

"खरं बोललात, ताई. ते बरं केलंत. पण खरं बोलणारी माणसं माझ्या घरी पुष्कळ आहेत. हितं मी वकील बघायला आलतो." मग मॅडमकडे वळले. "पाजलं त्याचं काय न्हाई. ते तास कापा, झालं. पण जे पत्र ह्या बाईंना ऑक्टोबरात सुचलं, ते ऑगस्टात का सुचलं न्हाई, एवढं मला सांगा."

त्याला उत्तर होतं. ऑगस्टमध्ये मी दोन-दोन तासांच्या तुकड्यांत झोपत होते आणि साडेचारशेच्या मागे धावत होते. डोक्यात फक्त तास होते, प्रकरण नव्हतं. पण हे उत्तर अशिलाला देता येत नाही. मॅडमनीही दिलं नाही.

"फाइल बांधून द्या," मगदूम म्हणाले. ते उठले, जाताना मला नमस्कार केला, आणि फाइल खरंच काखेत घालून घेऊन गेले. मॅडमचे ते बारा वर्षांचे अशील होते.

दार लागल्यावर मॅडम म्हणाल्या, "उद्या ये. मोरजकरांबरोबर ऑगस्टचं बिल दुरुस्त कर, सही कर, आणि जा." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

कॉरिडॉरमध्ये निनाद भिंतीला टेकून उभा होता. टाय सैल केलेला.

"माझ्यासाठी केलंस असं सांगत फिरू नकोस."

"नाही सांगणार."

"कारण मी असतो तर नसतं केलं."

"माहितीय," मी म्हटलं. एवढं आमचं शेवटचं बोलणं.

मॅडम आता निवृत्त आहेत, फर्म दुसऱ्या फर्ममध्ये मिसळून गेली, निषाद आठ वर्षांचा आहे आणि दूध बघितलं की तोंड फिरवतो. म्हणून पुढचं सांगते. तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी तळमजल्यावर गेले तेव्हा मोरजकरांनी बस म्हटलं नाही. त्यांना पार्टनरांचं पत्र मिळालं होतं, खुलासा मागणारं. त्यांनी एक जाड गठ्ठा माझ्यापुढे टाकला. "कच्ची प्रत. हिच्यावरून काय ते कापा. तुमच्या हातानं कापा. मी नाही हात लावणार."

कोणतंही बिल अशिलाकडे जाण्याआधी त्याची एक कच्ची प्रत मॅडमकडे जायची, आणि त्या तिच्यावर पेन्सिल चालवायच्या. तासच्या तास कापत. ती प्रत आम्हां असोसिएटना बघायला मिळत नसे. मी पहिल्यांदाच बघत होते. निनादचे पाऊण तासाचे फोन पंचवीस मिनिटांवर आणलेले. लवादाच्या अर्जाचा माझा मसुदा, ज्यावर मी खरोखर सहा तास घातले होते, चारवर आणलेला, शेजारी 'फुगवलाय' असं लिहून. एकही पान सुटलेलं नव्हतं. प्रत्येक पानाच्या तळाला त्यांची छोटी सही आणि तारीख. तीन सप्टेंबर.

मी माझ्या सत्तेचाळीस तासांच्या नोंदी शोधायला लागले. पहाटेच्या, सकाळच्या, संध्याकाळच्या. दीडशेच्या वर होत्या. एकीलाही पेन्सिल लागलेली नव्हती. जी बाई सहा तासांच्या खऱ्या कामातले दोन कापत होती, तिनं पहाटे साडेतीनच्या एकाही पत्राला हात लावला नव्हता.

मला वाटलं, नजरचूक. पान उलटलं.

बारा ते अठरा ऑगस्ट. त्या आठवड्यात मला उजवीकडे गाठ झाली होती. ताप होता. बाळानं तोंड लावलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून पाच दिवस फक्त डावीकडून पाजलं. ऑफिसला रोज आले होते, कोणाला सांगितलं नव्हतं, सांगणार तरी कोणाला. वहीत पाच दिवस नुसते एल. आणि बिलात, पाच दिवस, नुसतेच पत्राचे मसुदे, एकामागे एक. तपासणी कुठेच नाही.

त्या ओळींच्या शेजारी, समासात, बारीक अक्षरात पेन्सिलनं एकच शब्द लिहिलेला होता. मराठीत.

'उजवी?'

खाली सही. तीन सप्टेंबर. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन एल आणि आर सांगण्याच्या सव्वा महिना आधी.

मोरजकर खिडकीकडे तोंड करून बसले होते. हा गठ्ठा आता वर जाणार होता, इतर पार्टनरांकडे. खुलासा मागणारे लोक पान न् पान बघणार होते, कोणाला काय माहीत होतं आणि कधीपासून, ते.

मी त्यांच्याकडे खोडरबर मागितला.